१९७२ची कॉर्व्हेट, आत एलएस-३ इंजिन: चौदा महिने आणि ५,८०० मैलांनंतर

आधी या जुन्या गाडीत बसवून घेतलेल्या नव्या इंजिनाचं सांगून मोकळा होतो, कारण जो भेटतो तो तेच विचारतो. चौदा महिन्यांत त्याने एकदाही दगा दिलेला नाही. मिशिगनमधल्या एप्रिलच्या गारठ्यात किल्ली फिरवली की लगेच चालू. चोक ओढायला नको, पेडल मारत बसायला नको, अंगातल्या कपड्यांना पेट्रोलचा वास नाही. त्रास दिला तो इंजिनाच्या पुढच्या, मागच्या आणि खालच्या सगळ्यांनी. त्यामुळे यापुढचं बरंचसं त्यांच्याबद्दल आहे.

गाडी १९७२ची शेव्हरले कॉर्व्हेट स्टिंगरे, टी-टॉप (छताचे दोन तुकडे काढून ठेवता येतात), गडद हिरवी. दोन्ही टोकांना क्रोमचे बंपर असलेलं हे शेवटचं वर्ष. १९७३ला पुढचा गेला, १९७४ला मागचा. मागची काच काढून ठेवता येते, तीही याच वर्षापर्यंत. मी घेतली तेव्हा मूळ इंजिन कधीच निघून गेलं होतं आणि आधीच्या मालकाने बसवलेलं दुसरंच ३५० घनइंची इंजिन गॅरेजच्या फरशीवर तेलाची रांगोळी काढत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळत असता तर मी त्याला हात लावला नसता. तशा गाडीत असा बदल करणं म्हणजे आजीच्या पैठणीचे कुशन कव्हर शिवणं.

त्या मूळ इंजिनाची ताकद कागदावर २०० हॉर्सपॉवर. १९७१ला त्याच इंजिनाचे २७० सांगत होते. इंजिन एका वर्षात म्हातारं झालं नव्हतं, मोजायची पद्धत बदलली होती. पूर्वी इंजिन नुसतंच बाकावर ठेवून मोजायचे. १९७२पासून सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर असा सगळा संसार गळ्यात घालून मोजायला लागले. आता बसलेलं एलएस-३ हे ६.२ लिटरचं, २००८च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं, आणि त्याचे ४३० हॉर्सपॉवर या नव्या मापाचे आहेत. म्हणजे दुपटीहून जास्त. वर ॲल्युमिनियमचा ब्लॉक असल्याने ते जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा शंभराहून अधिक पौंडांनी हलकं. पुढचा भार कमी झालेला वळणावर पहिल्याच दिवशी कळला.

‘आत्माच बदललास’ असं म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट अजून ब्लॉकमध्येच, त्याचा धक्का वर पोचवणारे पुशरॉड तसेच, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, आणि दोन शेजारी सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर ४.४ इंच, जे शेव्हरलेच्या १९५५च्या पहिल्या ‘स्मॉल-ब्लॉक’ इंजिनात होतं तेच. गोत्र एकच आहे, फक्त मुलगा शिकलेला.

गियरबॉक्स ट्रेमेकचा टीकेएक्स, पाच गियरचा. सहा गियरचा घ्यायचा मोह होता, पण त्यासाठी दोन सीटांमधला, गियरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा कापावा लागला असता. पाचवा गियर ०.६८चा आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ३.३६, त्यामुळे ताशी ७० मैलांना इंजिन जेमतेम २,००० फेऱ्यांवर असतं. चौथ्याच गियरवर थांबावं लागलं असतं तर २,९०० झाले असते, आणि मग तासाभराने कान बधिर. हायवेला अ‍ॅव्हरेज गॅलनला २२ मैल, म्हणजे लिटरला नऊ किलोमीटरच्या वर. गावात मात्र लिटरला साडेपाच, आणि रोज सकाळी उजव्या पायाला खाज सुटत असेल तर त्याहून कमी. क्लच आता हायड्रॉलिक आहे. पूर्वी सिग्नलवर डावा गुडघा कुरकुरायचा, तो गप्प झाला.

पहिली अडचण आली ती मला आधी सुचलीच नव्हती. या गाडीतला फेऱ्यांचा काटा विजेवर चालत नाही, डिस्ट्रिब्युटरमधून निघणाऱ्या केबलवर चालतो. एलएस-३ला डिस्ट्रिब्युटरच नाही, प्रत्येक सिलिंडरची कॉइल वेगळी. मग केबल फिरवणार कोण? शेवटी तो काट्याचा मीटर बाहेर काढून, आतली यंत्रणा बदलून, तबकडी मूळचीच ठेवून परत बसवलं. त्याला नऊ आठवडे लागले. तोवर मी कानाने गियर बदलत होतो. खरं सांगायचं तर ते दिवस मजेचे होते. वेगाचा काटा मात्र सुटला, कारण टीकेएक्सला जुन्या केबलसाठी जागा ठेवलेली आहे.

पेट्रोलच्या टाकीचंही तसंच. कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय दाब पुरत होता, एलएस-३ला ५८ लागतो. काम करणाऱ्यांनी जुन्याच टाकीत पंप सोडला. टाकी पावपेक्षा खाली आली आणि हायवेच्या वळणदार उतरणीवर गाडी घेतली की पेट्रोल एका बाजूला जायचं आणि इंजिन खोकायचं. टाकीच्या आत आडोसे नव्हते, हे त्याचं कारण. दोन महिने मी टाकी अर्धी ठेवून फिरलो, मग अशा इंजेक्शनच्या इंजिनासाठीच बनवलेली टाकी घेतली. तुम्ही असं काम करवून घेणार असाल तर ती पहिल्यांदाच घ्या, दोनदा मजुरी देऊ नका.

आता वुडवर्ड. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. ‘क्रूझ’ म्हणतात, पण गाडी चालवणं कमी, उभं राहणंच जास्त. पंढरीच्या वाटेवर दिंडी कशी दोन पावलं चालते आणि थांबते, तसं. तिथे पाऊण तासात पाण्याचं तापमान २२८ फॅरनहाइट, म्हणजे १०९ सेल्सिअस. दोन्ही विजेचे पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि काटा उतरायला तयार नव्हता. एका पेट्रोलपंपावर बाजूला घेतली, बोनेट उघडलं. शेजारच्या पिवळ्या कॅमेरोवाल्या आजोबांनी आत डोकावून विचारलं, रेडिएटरच्या कडेचे रबर कुठे आहेत?

ते नव्हतेच. या पिढीची कॉर्व्हेट श्वास घेते तो बहुतांशी बंपरच्या खालून. रेडिएटरच्या चारी बाजूंना रबर आणि फोमच्या पट्ट्या असतात, त्या नसल्या तर हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी कडेने निसटते. नवा, जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवताना पट्ट्या राहून गेल्या होत्या. शंभर डॉलरच्या आतलं सामान, एक दुपार माझी स्वतःची. या वर्षी जूनच्या गर्दीत काटा २०५च्या वर गेलेला नाही. ज्यांनी हजारो डॉलरचं काम केलं ते ही पट्टी विसरले याचा राग अजून आहे, पण माझीही चूक आहे. इंजिन चमकतंय एवढंच बघून मी गाडी ताब्यात घेतली होती.

दिव्यांबद्दल थोडं. समोरचे दिवे झाकलेले असतात आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमवर वर येतात. वायपरवरचं झाकणही तसंच, आधी झाकण उठणार, मग वायपर फिरणार, तोवर काच भिजून गेलेली. एलएस-३ला मूळचा कॅम ठेवला तर व्हॅक्यूम भरपूर मिळतो. जास्त ताकदीसाठी ‘गरम’ कॅम टाकायचा विचार मी त्यासाठीच सोडला. तरी डावा दिवा उजव्यानंतर दोन सेकंदांनी उठतो. कुठेतरी एक नळी गळते आहे. बायको म्हणते, गाडी डोळा मारते. मी ती नळी शोधणं सोडून दिलंय.

मे महिन्यात बाबा इचलकरंजीहून आले. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारून पहिला प्रश्न, “अरे, हिला डिकी कुठाय?”

डिकी नाही. म्हणजे जागा आहे, पण झाकण नाही. सामान सीटच्या मागून आत ढकलायचं. तिथेच सीटमागे खाली बॅटरी. वीस पौंडांची कणकेची पिशवी आत जाते, काढताना मात्र कंबर धरते. बाबा सीटवर बसले तेव्हा “जमिनीवर पाटावर बसल्यागत वाटतंय” म्हणाले, आणि उठवताना आम्हा दोघांना हात द्यावा लागला. गेल्या वर्षी गणपती आणायलाही व्हॅनच गेली होती.

मग त्यांनी टॉर्च मागितला आणि मागे वाकून बघत बसले. मागच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा नाहीत, एकच कमानपाटा आहे, तोही आडवा, या चाकापासून त्या चाकापर्यंत. बाबांनी असा पाटा जन्मात बघितला नव्हता. त्यानंतर डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारा दांडा हाताने हलवून म्हणाले, “इंजिन नवं घातलंस, पण मागचं सगळं जुनंच ठेवलंस. जोर कुठंतरी निघणारच बघ.”

तेव्हा मी हसलो होतो. पण गेल्या ऑक्टोबरपासून गाडी एक चाळा करायला लागली होती. दुसऱ्या गियरमध्ये जोरात रेस देऊन पाय काढला की शेपूट किंचित बाजूला सरकायचं, स्टिअरिंग सरळ असतानाही. टायर आतल्या कडेने झिजत होता. मी अलाइनमेंट करून आणली, दोनदा. फरक नाही. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायला लागलं तशी गाडी झाकून ठेवली, बॅटरीला चार्जर लावला आणि विषय हिवाळ्यावर ढकलला.

या गाडीत मागचा दांडा नुसता चाक फिरवत नाही, तोच चाकाला वरून धरून ठेवतो. त्याचं आतलं टोक डिफरन्शियलमधल्या योकला, म्हणजे जोडणाऱ्या तुकड्याला, जोडलेलं, आणि योकचं टोक आत एका पिनेवर घासतं. ते टोक झिजलं की दांडा आतबाहेर सरकतो आणि चाक वरून कलतं. बाबा परत गेल्यावर आठ दिवसांनी गाडी उचलून बघितलं. दोन्ही बाजूंना खेळ होता, डावीकडे जास्त. खरं तर हा सगळा दोष ४३० हॉर्सपॉवरचा नाही. पन्नास वर्षांची झीज होती, जुन्या इंजिनाने ती झाकून ठेवली होती. डिफरन्शियल खोलून नवे, कडक केलेले योक, नवे बेअरिंग आणि दांड्यांचे युनिव्हर्सल जॉइंट घातले. आता पाय काढला तर गाडी सरळ राहते.

ब्रेकही त्याच वेळी उघडले. चारी चाकांना डिस्क आहेत, १९६५पासून कॉर्व्हेटला मूळच्याच, पण कॅलिपरच्या आत गंज चढला की तेल गळतं आणि हवा शिरते. मी दर दोन महिन्यांनी हवा काढत होतो आणि पेडल पुन्हा मऊ होत होतं. स्टीलचे अस्तर घातलेले कॅलिपर बसवले. हे इंजिनाच्या आधी व्हायला हवं होतं. एबीएस नाही, चाकांची घसरण आवरणारं कुठलं यंत्र नाही, टायर १५ इंची. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गियरमध्येही चाकं जागेवर फिरतात.

खर्चाचं विचारलंत तर आकडा सांगत नाही, घरात कुणीतरी वाचेल. एवढंच सांगतो की या पैशात हेच इंजिन कारखान्यातून बसून आलेली २००८ची कॉर्व्हेट, बऱ्या अवस्थेतली, दारात उभी राहिली असती. आणि इंजिन हा एकूण बिलाच्या निम्म्याहून कमी भाग होता.

नोंदणीची एक गोष्ट. मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरपाटी स्वस्तात मिळते, पण ती लावली की गाडी प्रदर्शनं, मिरवणुका आणि क्लबच्या फेऱ्यांपुरती राहते, ऑगस्ट महिना तेवढा मोकळा. मी साधीच पाटी घेतली. शुक्रवारी ऑफिसला नेता आली नाही तर एवढं सगळं कशाला केलं?

योक बदलल्याचं बाबांना फोनवर सांगितलं. “मी म्हणलो होतो” असं ते म्हणाले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, “जुने तुकडे टाकू नकोस. किती झिजलेत ते बघायचंय मला.” दोन्ही तुकडे पुसून, ग्रीस लावून, आंब्याच्या पल्पच्या रिकाम्या डब्यात घालून गॅरेजच्या फळीवर ठेवलेत.