कांदा दरांच्या साइटसाठी वर्डप्रेसचा स्वतःचा एंडपॉइंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

काम नाशिक जिल्ह्यातल्या कांदा दरांच्या साइटचं. बाजार समिती, कांद्याचा प्रकार (लाल, रांगडा, उन्हाळ) आणि तारीख निवडली की किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मोबाइल ॲपला मिळायला हवेत. वर्डप्रेसमध्ये (साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पोस्टचा रेस्ट एपीआय, म्हणजे ॲपने साइटकडून माहिती मागायचा मार्ग, ४.७ आवृत्तीपासून आयता आहे, पण तो मेटा फील्डवर (पोस्टला जोडलेल्या जादा माहितीवर) गाळून देत नाही आणि एका खेपेला १०० च्या वर नोंदी सोडत नाही. म्हणून स्वतःचा एंडपॉइंट, म्हणजे ॲपने दर मागायचा वेगळा पत्ता.

उभा करायला अर्धा दिवस पुरतो. 'रेस्ट एपीआय इनिट' हुकवर (वर्डप्रेस आपला कोड जिथे बोलावतं त्या जागी) रूट, म्हणजे पत्ता, नोंदवायचा, कॉलबॅकमध्ये (विनंती आली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) क्वेरी चालवायची. दर सगळ्यांसाठी खुले असले तरी पर्मिशन कॉलबॅक (परवानगी तपासणारं फंक्शन) लिहायचाच, ५.५ पासून तो नसेल तर वर्डप्रेस कुरकुर करतं.

पॅरामीटरची (ॲपने पाठवलेल्या निवडींची) तपासणी मात्र फसवी आहे. टाइप 'इंटीजर' (पूर्णांक) दिला आणि सोबत स्वतःचा सॅनिटाइज कॉलबॅक (आलेली किंमत साफ करणारा) लावला, की टाइपची आपोआप होणारी तपासणी बंद पडते. मग पान क्रमांकाच्या जागी 'अबक' आलं तरी चूक न दाखवता त्याचा शून्य होतो. एक तर सॅनिटाइज कॉलबॅक लावूच नका, नाहीतर व्हॅलिडेट कॉलबॅकही (किंमत बरोबर आहे का ते तपासणारा) हाताने द्या.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते देवनागरी स्लगने (स्लग म्हणजे नावाचं पत्त्यात वापरायचं रूप). 'पिंपळगाव बसवंत' या नावाचा स्लग साठवताना दर अक्षरचिन्हाचे टक्केचिन्हांसह नऊ वर्ण होतात (काना, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे मोजायचे), म्हणजे एवढ्याशा नावाचे ११८. डेटाबेसमधल्या कॉलमची मर्यादा २००. पुढे 'कृषी उत्पन्न बाजार समिती' जोडलं की शेपूट कापलं जातं. त्याहून वाईट म्हणजे एकाच शब्दाच्या नावाचा असा टक्केचिन्हांचा स्लग ॲपने पुन्हा एनकोड करून पाठवला, की सर्व्हर एकदाच उलगडतो आणि उरलेले टक्केचिन्हांचे वर्ण 'सॅनिटाइज टेक्स्ट फील्ड' (मजकूर साफ करणारं वर्डप्रेसचं फंक्शन) पुसून टाकतं. समितीचं नाव कोरं, कोरं म्हणून अट गळाली, आणि एकच समिती निवडलेल्याला सगळ्या जिल्ह्याचे दर! उपाय सोपा: स्लग रोमन ठेवा किंवा थेट टर्म आयडी (समितीचा वर्डप्रेसमधला क्रमांक) पाठवा. आणि समिती मागितली पण सापडली नाही, तर रिकामी यादी द्या, पूर्ण नाही.

मेटावर दर ठेवले असतील तर तुलनेचा टाइप 'न्यूमेरिक' (आकडा) द्यावाच लागतो. नाहीतर तुलना अक्षरांची होते आणि ९५० रुपये क्विंटल १२०० पेक्षा महाग ठरतो. वेगाचं दुखणं त्यानेही जात नाही. मेटा व्हॅल्यूवर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) नाही, आणि 'आणि'ने जोडलेली प्रत्येक अट पोस्टमेटा टेबलाचा आणखी एक जॉइन (जोड) ओढते. समिती आणि प्रकार टॅक्सॉनॉमीत (वर्डप्रेसच्या वर्गवारीत) हलवल्यावर बराच फरक पडला. रोजचे दर मात्र समिती-तारीख इंडेक्स असलेल्या वेगळ्या टेबलातच शोभतात. हे पहिल्याच दिवशी करायला हवं.

'आजचे दर' हा फिल्टर साध्या डेट फंक्शनवर लिहू नका. वर्डप्रेस पीएचपीची (ज्या भाषेत ते लिहिलंय तिची) वेळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे, ठेवतं, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत 'आज' म्हणजे काल. 'डब्ल्यूपी डेट' वापरा. (ही चूक उशिरा कळते, कारण पहाटे ट्रॅक्टर भरताना बघणाऱ्याला कालचाच दर हवा असतो.)

उत्तर ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठवणीत, म्हणजे कॅशमध्ये) १० मिनिटं ठेवलं की लिलावाच्या वेळची गर्दी सहज झेपते. त्या साठवणीची की (ओळखनाव) बनवताना पॅरामीटर क्रमाने लावून घ्या, नाहीतर एकाच प्रश्नाच्या चार कॅश होतात. कॅश पुसायचा हुक 'सेव्ह पोस्ट' नको: ब्लॉक एडिटरमध्ये तो टर्म आणि मेटा साठवण्याआधीच चालतो, त्या फटीत एखादी विनंती आली की जुनाच दर पुन्हा १० मिनिटांसाठी कॅशमध्ये बसतो. ५.६ पासून 'डब्ल्यूपी आफ्टर इन्सर्ट पोस्ट' आहे. तो लावल्यापासून शिळ्या दराची तक्रार आलेली नाही.