टाकीत उत्तम, नळाशी कच्ची: विजयनगरातल्या नव्या पबची बिअर

इंदूरच्या विजयनगरात नव्याने उघडलेल्या या पबमध्ये चार बिअर तिथेच बनतात: फिकट, हलकी लागर, गव्हाची हेफेवायझन, कडवट आयपीए (इंडिया पेल एल) आणि भाजलेल्या जवाची काळी स्टाउट. बनवणाऱ्याचा हात चांगला आहे. लागर सोडली तर घोटाळा होतो तो नळापासून टेबलापर्यंत. त्यामुळे काय मागवायचं हे ठरवण्याआधी कसं मागवायचं ते माहीत असलेलं बरं.

सुरुवात नमुन्यांच्या फळीने करावी, 100 मिलीचे चार ग्लास येतात. फळीवर मांडलेल्या क्रमाने मात्र पिऊ नका. इथे आयपीए पहिली ठेवतात, आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा एकदा जिभेवर बसला की मागून आलेली लागर पाण्यासारखी लागते. लागर, हेफेवायझन, आयपीए आणि शेवटी स्टाउट असा क्रम ठेवावा. मध्ये साधं पाणी, फार तर चार मुरमुरे. शेव नंतर, ओठांना लागलेलं तेल फेस मारून टाकतं.

ग्लास इथे फ्रीजरमधून काढून देतात. दिसायला झकास, बिअरला वाईट. आतून जमलेला बर्फ बिअरमध्ये वितळतो, फेस उसळतो आणि तेवढ्या गारठ्यात नाकाला काही कळत नाही. ऑर्डर देतानाच सांगावं, "भैया, सादा गिलास देना, फ्रीजरवाला नहीं." ऐकतात. मग काचेकडे नीट पाहा. बुडबुडे आतल्या बाजूला चिकटून बसलेले असतील तर तिथे साबणाचा किंवा तुपातेलाचा पापुद्रा राहिला आहे. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटामागे फेसाचं एक जाळीदार कडं उरतं. दुपारी ते दिसलं, शनिवारी रात्रीच्या गर्दीत दिसलं नाही. ताटल्यांच्याच सिंकमध्ये ग्लास विसळले की असंच होतं. ग्लास बदलून मागायला लाजू नये.

हेफेवायझन ही इथली सर्वांत चांगली बिअर, आणि फक्त तिच्यासाठी जावं अशी. हिच्यात निम्म्याहून अधिक माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं असतं. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे, फळ किंवा मसाला कोणी घालत नाही. आंबवण थोडं उबदार ठेवलं की केळं वर येतं, थंड ठेवलं की लवंग. मॅश करताना, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवताना, 45 अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबलं तर धान्यातलं फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्यातूनच लवंगेचा वास तयार करतं. इथे लवंग स्पष्ट पुढे आहे, केळं मागे, आणि तोल अगदी जमलाय. सोबत रतलामी लवंगी शेव मागवा: एकच वास बिअरमधूनही येतो आणि शेवेतूनही. भुट्ट्याचा कीसही छान जातो, कारण मक्याचा नि दुधाचा गोडवा गव्हाच्या मऊपणात मिसळतो. ही बिअर गढूळच असायला हवी. निवळ आली तर यीस्ट पिंपाच्या तळाशी बसलंय, परत द्या. आणि काठावर लिंबाची चकती नको म्हणून सांगा. सालीतलं तेल फेस बसवतं.

लागर सध्या टाळा. तिला थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नचा वास येतो. हा वास डायअसेटिल नावाच्या पदार्थाचा. तो आंबवताना तयार होतोच, पण शेवटी दोन-तीन दिवस तापमान 16 ते 18 अंशांवर नेलं तर यीस्ट तो परत शोषून घेतं. मग शून्याच्या आसपास चार-सहा आठवडे विश्रांती. एल प्रकारची, म्हणजे उबदार आंबवलेली बिअर (इथल्या बाकीच्या तिन्ही) दोन-तीन आठवड्यांत नळावर येते, लागरला दीड-दोन महिने लागतात, आणि उद्‌घाटनाची तारीख तेवढी थांबत नाही. नव्या पबमध्ये लागर कच्ची निघते ती बहुतेक याच घाईने. नळाची नळी अस्वच्छ असली तरी असा वास येतो, पण तेव्हा सहसा आंबूसपणाही सोबत असतो. इथे आंबूसपणा नाही, बाकीच्या तीन नळांना वासही नाही, म्हणजे दोष टाकीतला. पुढची खेप नीट निघू शकेल.

आयपीएचा कडवटपणा कोरडा आणि सुटसुटीत आहे, घशात रेंगाळत नाही. इंदूरला जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी इथे आरओ करून मग त्यात जिप्सम हा क्षार मोजून घालतात, त्याचा हा गुण. वास मात्र अर्धाच उरलाय. संत्र्या-आंब्याचा तो हॉप्सचा वास पिंप भरल्यापासून आठवड्यागणिक उतरतो, म्हणून पिंप कधी लावलं ते विचारा. काउंटरवरच्या मुलाला तारीख माहीत असते. पनीर टिक्क्यासारखं तिखट हिच्यासोबत घेऊ नका. कडवटपणाने आणि अल्कोहोलने जीभ दुप्पट जळते.

स्टाउट चांगली आहे, पण लागरच्याच थंडीत ओततात. चार-पाच अंशांना नुसती जळकी लागते. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून दहा मिनिटं थांबा. दहा-बारा अंशांच्या पुढे गेली की भाजलेल्या जवाची कॉफी आणि मागून कडू चॉकलेट येतं. नायट्रोजनचा नळ बसवलेला नाही, नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर चालवतात, म्हणून सायीसारखा फेस येत नाही आणि जिभेला किंचित टोचतं. एवढी बिअर बनवणाऱ्यांनी तो एक नळ बसवायलाच हवा.

मेनूत 'पाइंट' लिहिलंय ते 330 मिली, ब्रिटिश पाइंटचे 568 नव्हे. मोठा ग्लास हवा असेल तर मिलीत सांगा. बिलात सेवाशुल्क आपोआप लागून येतं. ते सक्तीचं नाही, काढायला सांगितलं की काढतात. जायचं तर मधल्या वारी, संध्याकाळी सहाच्या आत. तेव्हा ग्लास स्वच्छ असतात आणि ओतणाऱ्याला फेस दोन बोटं बसेपर्यंत थांबायला वेळ असतो.