बार्बेक्यूचा गंज काढतो म्हणाला आणि जाळीच बदलून नेली

नागावला आमची घरगुती राहण्याजेवणाची सोय आहे. अंगणात नारळाखाली लोखंडी बार्बेक्यू आहे, थंडीत पाहुणे खास त्यासाठी येतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं, ओल धरून ठेवतं आणि लोखंड आतून खातं. त्यात मी मागच्या पावसाळ्यात घट्ट ताडपत्री बांधली. तळातली राखही काढली नव्हती. ऑक्टोबरात सोडून बघते तर पत्र्याचे पापुद्रे हातात आले.

त्याच आठवड्यात एक माणूस टेम्पो घेऊन वाडीत फिरत होता. गेट, ग्रिल, शेगड्या, सगळ्याचा गंज काढतो म्हणे. "ताई, बोटीला लावतात ते कोटिंग आहे, पाच वर्षं बघायला नको." 3,800 रुपये ठरले, 2,500 आधीच दिले. इथे अंगणातच काम करा म्हटलं, तर मशीन वर्कशॉपला आहे म्हणाला. पावती मागितली नाही, ही माझी चूक.

तीन दिवसांनी बार्बेक्यू परत आला, चांदीसारखा चकचकीत. मी आनंदाने उरलेले पैसे दिले.

शनिवारी पाहुण्यांसाठी कोळसा पेटवला. दहा मिनिटांत आतल्या बाजूला रंगाचे फोड आले, ते फुटून पोपडे निखाऱ्यात पडायला लागले. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास. जाळीवर मसाला लावलेली सुरमई होती, सगळी फेकून दिली. पाहुण्यांत दोन लहान मुलं होती. ती खायला बसली असती तर, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी ओळखीच्या वेल्डरला बोलावलं. त्याने तळाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला. भोकांत गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) भरलेली, त्यावर थेट गंजावरच साधा सिल्व्हर पेंट. मग त्याने जाळी उचलली आणि विचारलं, "ही तुमचीच का?" आमची जाळी 304 स्टीलची, म्हणजे लोहचुंबक सहसा न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची, जाड सळ्यांची. ही हलकी होती. फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं, खटकन चिकटलं. साध्या लोखंडावर जस्ताचा मुलामा होता. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, निखारे त्याहून कितीतरी जास्त तापतात. फार तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो, वेल्डर लोकांना हे चांगलं माहीत असतं. असली जाळी अन्नाखाली ठेवूच नये.

त्या माणसाचा फोन बंद. पोलिसांत अर्ज दिला आहे.

आता खरं काम कसं झालं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे कोणी आलं तर तुलना करता येईल. सडलेला तळ कापून 3 मिलिमीटरची नवी प्लेट वेल्ड केली. बाकी सगळं ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून घासलं, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, राखाडी लोखंड दिसेपर्यंत. कोपऱ्यांत ब्रश पोहोचत नव्हता तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चिंध्या रात्रभर ठेवल्या, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं केलं. 600 अंश सोसणारा काळा रंग फक्त बाहेरून लावला. आत रंग अजिबात नाही, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन मंद निखाऱ्यांवर तापवलं, असं तीनदा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर, अंगणात झालं. घासलेलं उघडं लोखंड बघितल्याशिवाय कोणालाही रंगाचा ब्रश लावू देऊ नका, आणि जाळी तर घराबाहेर पाठवूच नका.

आता प्रत्येक वेळी राख थंड झाली की काढते. पावसाळ्यात बार्बेक्यू पडवीत विटांवर ठेवणार, ताडपत्री नाही.

आमच्या जुन्या जाळीचा एक कोपरा आत वाकलेला आहे आणि त्याच्या शेजारच्या सळीवर वेल्डिंगचा ठळक गोळा आहे. अलिबाग, चौल, रेवदंडा या बाजूला अशी जाळी कोणी विकायला आणली तर कृपया मला कळवा.