'इन कोल्ड ब्लड', टीकाकारांसकट : काही महिन्यांच्या वाचनानंतर

अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' एका बैठकीत संपवून कपाटात ठेवून द्यायचं पुस्तक नाही. ते त्याच्या टीकाकारांसकट वाचायचं असतं आणि त्याला वेळ लागतो. मी क्राईम बीटवर काम करतो. पंचनामे आणि रिमांडचे कागद रोज वाचनात असतात, त्यामुळे हे पुस्तक जरा जास्तच उलटसुलट करून पाहिलं.

१५ नोव्हेंबर १९५९ च्या पहाटे कॅन्ससमधल्या होलकम या खेड्यात शेतकरी हर्बर्ट क्लटर, त्यांची बायको आणि दोन मुलं अशा चौघांचा खून झाला. घरात तिजोरी असल्याचं मारेकऱ्यांना तुरुंगातल्या सोबत्याकडून कळलं होतं. तिजोरी नव्हतीच, हाती लागले ४०-५० डॉलर. कपोटी तिथे गेला, सोबत बालमैत्रीण हार्पर ली होती. १४ एप्रिल १९६५ ला दोघे मारेकरी फासावर गेले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात लेखमाला सुरू झाली आणि जानेवारी १९६६ मध्ये पुस्तक आलं.

कारागिरीबद्दल वाद नाही. पहिल्या भागात एक तुकडा क्लटरांच्या शेवटच्या दिवसाचा, पुढचा गाडीतून येणाऱ्या डिक हिकॉक आणि पेरी स्मिथ या मारेकऱ्यांचा. गाडी घराशी येते आणि पुढच्याच तुकड्यात सकाळ झालेली असते. रात्री काय झालं ते तिसऱ्या भागात, कबुलीजबाबात कळतं. पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकणाऱ्या आम्हा बातमीदारांना हा धीर कुठून येणार! चौथा भाग अनेकांना रेंगाळलेला वाटतो, मला मात्र तोच परत परत उघडावासा वाटला. गुन्हा करताना हे चूक आहे एवढं आरोपीला कळत होतं का, कोर्टाला एवढंच हवं होतं. मानसोपचारतज्ज्ञाला हो-नाहीपलीकडे बोलायची मुभा नव्हती. बोलू दिलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते कपोटी सविस्तर देतो. ही पानं अस्सल आहेत, आणि त्यांत रडारड नाही.

आता तक्रार. मुखपृष्ठावर 'सत्य वृत्तांत' असा शिक्का आहे. कपोटी याला 'नॉनफिक्शन नॉव्हेल', म्हणजे खऱ्या घटनेची कादंबरी, म्हणायचा आणि शब्द न् शब्द खरा असल्याचं छातीठोक सांगायचा. मुलाखतीत ना टेपरेकॉर्डर, ना समोर वही. ऐकलेलं ९० टक्क्यांहून जास्त लक्षात राहतं, असा दावा. ज्याने कुणाचं म्हणणं शब्दशः छापून दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन घेतलाय, त्याला विचारा.

१९६६ मध्येच फिलिप टॉम्पकिन्स हा अभ्यासक कॅन्ससला जाऊन आला आणि 'एस्क्वायर' मासिकात त्याने विसंगती मांडल्या. क्लटरांची मुलगी नॅन्सी हिची घोडी पुस्तकात एक मेनोनाइट (एका ख्रिस्ती पंथाचा) शेतकरी ७५ डॉलरला घेतो, नांगराला जुंपू म्हणतो. प्रत्यक्षात ती गावातल्याच माणसाने दुपटीहून जास्त पैसे मोजून घेतली होती. कोठडीत पेरी रडतो आणि अंडरशेरिफची (तिथल्या पोलीस उपप्रमुखाची) बायको त्याचा हात धरते. असं काही झाल्याचं त्या बाईंनी नाकारलं. फाशीच्या तख्तावरची पेरीची माफी हजर असलेल्यांपैकी काहींना ऐकूच आली नव्हती. आणि शेवटचा दफनभूमीतला प्रसंग, जिथे तपास अधिकारी ड्यूईला नॅन्सीची मैत्रीण भेटते, तो रचलेला असल्याचं चरित्रकार जेराल्ड क्लार्कने १९८८ मध्ये लिहिलं.

या जागा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा मला त्यांचा कल एकाच बाजूला दिसला. भेसळ आहे ती गळा दाटून आणण्यासाठी, किंवा पेरीबद्दल मन मऊ करण्यासाठी. कोरड्या तपशिलाच्या पानांना तिची गरज पडलेली नाही, आणि पुस्तकातली सर्वांत ताकदीची पानं तीच आहेत. ड्यूईचं प्रकरण जरा वेगळं. तुरुंगातून खबर येताच पुस्तकात चक्रं लगेच फिरतात. हिकॉकच्या घरी पोचायला तपास पथकाने पाच दिवस लावले होते, हे जुन्या फायलींवरून २०१३ मध्ये बाहेर आलं. ड्यूई कपोटीचा मित्र झाला होता, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सगळ्यांत झोंबणारी टीका ब्रिटिश समीक्षक केनेथ टायननची, 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रातली. या दोघांना वाचवण्यासाठी कपोटीला करता येण्यासारखं होतं तेवढं त्याने केलं नाही, असा त्याचा आरोप. कपोटी चवताळून उठला. मला टायननचं सगळं पटत नाही. वकिलांना जे जमलं नाही ते लेखकाला जमलं असतं, हे गृहीत धरणं फार झालं. पण फाशी झाल्याशिवाय पुस्तकाला शेवट मिळत नव्हता, हे नाकारता येत नाही.

कौतुकही भरपूर झालं, रिबेका वेस्टसारख्या लेखिकेने केलं. तरी पुलित्झर मिळालं नाही. असल्या पुस्तकाचा प्रकार म्हणजे कल्पनाशक्तीचं अपयश, असं म्हणणाऱ्या कादंबरीकार नॉर्मन मेलरला मात्र पुढे गॅरी गिलमोर या खुन्याच्या खऱ्या देहदंडावर लिहून १९८० चं पुलित्झर मिळालं, तेही कादंबरीचं. कपोटीचा जळफळाट समजण्यासारखा आहे.

पाचातले चार तारे. इंग्रजी सोपं आहे, गावाकडच्या शेती-हवामानाच्या वर्णनांत थोडं अडखळायला होतं, तेवढंच. आधी पुस्तक वाचा, मग टॉम्पकिन्स, मग पुन्हा पुस्तक. 'सत्यघटनेवर आधारित' मालिका रिचवणाऱ्यांना पहिला भाग संथ वाटेल, त्यांनी पन्नासेक पानं कळ काढावी. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी चौथा भाग आधी वाचला तरी चालेल.