शहीद किंवा दिवंगत जवानाच्या आई-वडिलांनी पेन्शनच्या ‘एजंटा’पासून सावध राहावे

माझा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होता. तो अविवाहित होता. सेवेत असतानाच आजारपणात त्याचा मृत्यू झाला आणि वडील त्याआधीच गेलेले असल्यामुळे कौटुंबिक निवृत्तिवेतनाचा हक्क आईकडे आला. त्या हक्काच्या पैशावर एका माणसाने कसा डल्ला मारला, हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्या सातारा जिल्ह्यात घरोघरी फौजेतला माणूस आहे आणि घर दुःखात असतानाच असे लोक दारात येतात.

तेरावे झाल्यावर लगेचच तो आला. स्वतःला माजी सैनिक म्हणवून घेत असे आणि आईला ‘माई’ म्हणत असे. ‘रेकॉर्ड’, ‘पार्ट टू ऑर्डर’, ‘पीपीओ’ हे फौजेच्या कागदोपत्री कामातले शब्द त्याच्या तोंडी इतक्या सराईतपणे येत, की आईला तो पलटणीतलाच वाटला. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहते, त्यामुळे गावी आई एकटीच होती. भावाच्या नोंदींतले तिचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत थोडा फरक होता. त्याने नेमके तेच हेरले आणि “एवढ्यावरून फाइल कायमची अडकेल, प्रयागराजच्या साहेबांपर्यंत माणूस लावावा लागेल,” असे सांगून 25,000 रुपये रोख नेले. नंतर पासबुक, एटीएम कार्ड आणि काही कोऱ्या कागदांवर अंगठे घेतले. अर्जात आणि बँकेत आईचा म्हणून स्वतःचाच मोबाइल क्रमांक लावला. शेवटी 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, पाच वर्षे दरमहा निम्मी पेन्शन त्याला देण्याचे लिहून घेतले.

प्रत्यक्षात त्याने काहीही करवून आणलेले नव्हते. सेवेत मृत्यू झाल्यास दाव्याची कागदपत्रे संबंधित अभिलेख कार्यालय (रेकॉर्ड ऑफिस) स्वतःहून मागवते. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगावला आहे. तिथून दावा ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे जातो, मंजुरी मिळते आणि रक्कम थेट वारसाच्या खात्यात जमा होते. नावातला फरक प्रतिज्ञापत्राने दुरुस्त होतो. आईची पेन्शन याच वाटेने मंजूर झाली होती, पण मंजुरीचा संदेश त्या माणसाच्या फोनवर गेला. त्यानंतरही तो “अजून खर्च आहे” म्हणून पैसे मागत राहिला आणि दुसरीकडे खात्यात जमा झालेली थकबाकी यूपीआयने काढत राहिला. मुलाच्या मरणाचा पैसा एका आईकडून असा ओरबाडताना त्याचा हात थरथरला नाही, याची चीड मला आजही आवरत नाही.

मी आईला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेले, तेव्हा तिथल्या कल्याण संघटकांनी कागद पाहताच सांगितले की मंजुरी कधीच झालेली आहे आणि या कामासाठी कोणालाही एक रुपयाही द्यावा लागत नाही. बँकेतून खातेउतारा काढल्यावर बाकीचे उघड झाले.

त्या स्टॅम्प पेपरची आईने फार धास्ती घेतली होती. अंगठा दिला म्हणजे आता निम्मी पेन्शन द्यावीच लागणार, असे तिला वाटे, आणि तो माणूसही “कोर्टात खेचीन” असे धमकावत होता. परंतु 1871 च्या पेन्शन कायद्याच्या कलम 12 नुसार पुढे मिळायच्या पेन्शनचा हिस्सा दुसऱ्याला देऊ करणारा करार मुळातच रद्दबातल असतो आणि कलम 11 प्रमाणे सावकाराच्या कर्जापोटीही पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. असा कागद ज्यांच्याकडून लिहून घेतला असेल, त्यांनी त्याला अजिबात घाबरू नये. उलट तोच कागद पुरावा म्हणून पोलिसांकडे द्यावा. आम्ही तसेच केले.

पात्रतेबाबतही हे लोक भलतेच सांगतात. साध्या कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी, जवानाच्या मागे पत्नी वा अपत्य नसेल तर अवलंबून असलेल्या पालकांचा हक्क येतो, त्यातही आधी आईचा आणि तिच्यानंतर वडिलांचा. उत्पन्नाची मर्यादा दरमहा 9,000 रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता अशी आहे आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. मृत्यू सेवेमुळे झाला असे ठरल्यास वाढीव दराचे निवृत्तिवेतन मिळते, पण तो निर्णय लष्करी चौकशी आणि वैद्यकीय कागदपत्रांवर होतो. “जास्तीचा दर लावून देतो” असे म्हणणाऱ्याच्या हातात त्यातले काहीही नसते.

सर्वांत आधी पाहावा तो मोबाइल क्रमांक. ‘स्पर्श’मध्ये आणि बँकेत आई-वडिलांचा स्वतःचा किंवा घरातल्याच माणसाचा क्रमांक आहे ना, याची बँकेत जाऊन खात्री करावी. आईचा क्रमांक आता बदलला आहे, जुने एटीएम कार्ड बंद केले आहे आणि पेन्शन पूर्ण जमा होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा नोंदवला आहे, परंतु गेलेली रक्कम अजून परत मिळालेली नाही. खात्यातून पैसे गेल्याचे ध्यानात येताच सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार केली तर ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत मधे महिने गेले होते आणि तोवर त्याने ती काढून घेतलेली होती.