लाल कार्ड घेतलंत तर दारापाशी सरावही करा

सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटरने २००७ मध्ये काढलेलं हे हक्कांचं लाल कार्ड मी इथे अमेरिकेत गेले काही महिने वाटतोय, म्हणून लिहितोय. व्हिजिटिंग कार्डाएवढं, पाकिटात सहज बसतं, फाइल फुकट मिळते, घरी प्रिंट काढता येते. एका बाजूला हक्क स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी अशा एखाद्या भाषेत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर. आयसवाले, म्हणजे परदेशी लोकांना पकडून परत पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याची माणसं, आले की दार न उघडता ते खिडकीतून दाखवायचं किंवा दाराखालून सरकवायचं, त्यावर लिहिलंय की पाचव्या घटनादुरुस्तीप्रमाणे मी बोलणार नाही, सही करणार नाही आणि चौथीप्रमाणे जजच्या सहीच्या वॉरंटशिवाय घरात यायची परवानगी देत नाही. इंग्रजी न येणाऱ्या, घाबरलेल्या माणसाला तोंडच उघडावं लागत नाही, केवढा आधार आहे हा!

कार्डावर असंही आहे की हे नागरिक आणि बिगरनागरिक दोघांसाठी, म्हणजे दाखवलं म्हणून तुमच्याकडे कागद नाहीत असं ठरत नाही. मला हे सगळ्यात आवडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना अमेरिकेतून हाकलून लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलं तेव्हा आपलेच एच-वन-बीवाले म्हणत होते आम्ही लीगल आलोय, आमचा काय संबंध, ऐकून फार वाईट वाटलं. स्थलांतरितांच्या चळवळीतही हे झालंय, ड्रीमर्सची, म्हणजे लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या, कागद नसलेल्या मुलांची बाजू मांडताना 'मुलांची काय चूक' म्हणायचे आणि दोष आईबापांवर जायचा, नंतर बऱ्याच पोरांनीच त्याला विरोध केला. कार्ड तुम्ही गुणी आहात का ते विचारत नाही.

२०१० मध्ये शिकागोत तरुण मुलं 'अनडॉक्युमेंटेड अँड अनअफ्रेड', म्हणजे कागद नाहीत आणि भीतीही नाही, असं म्हणत उघडपणे पुढे आली आणि हे कार्ड गप्प राहा सांगतं, हे उलटं नाही का असं एकाने विचारलं. मला नाही वाटत. तिथे सोबती होते, कॅमेरे होते, पहाटे दारात तुम्ही एकटे असता, कधी बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

कमी एवढीच की आय-२०० आणि आय-२०५ हे फॉर्म वॉरंट म्हणून दाखवतात पण त्यांवर जजची नाही, आयसच्याच अधिकाऱ्याची सही असते, हे कार्डावर नाहीये, तोंडी समजवावं लागतं. आणि कुणी घुसायचंच ठरवलं तर कार्ड त्याला अडवू शकत नाही, हेही मी आधीच सांगतो.

एका काकूंनी कार्ड घेतलं, मी सरावासाठी दार वाजवलं तर त्यांनी सवयीने आधी कडीच काढली. परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा दार बंदच राहिलं आणि खालून लाल कार्ड हळूच बाहेर आलं.