‘पिन गेली’ म्हणणाऱ्याला आधी मायक्रोस्कोपमधून दाखवायला सांगा

एलपीच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागले, आवाज बसका यायला लागला, की गिऱ्हाईक रेकॉर्ड प्लेअर उचलून दुरुस्तीवाल्याकडे जातं. तो वाकून बघतो, फुंकर मारतो आणि सांगतो, ‘‘पिन गेली, नवी टाकावी लागेल.’’ (पिन म्हणजे रेकॉर्डच्या खाचेत फिरणारी सुई.) नवी ‘ओरिजिनल’ बसते, आवाज सुधारतो, पैसे दिले जातात. जुनी पिन त्याच्याकडेच राहते. तिच्या टोकावरचा मळाचा गोळा दोन मिनिटांत निघतो आणि तीच पिन पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते.

ही लबाडी खपते, कारण मळकी आणि झिजलेली सुई जवळपास सारखीच वाजते. रेकॉर्डच्या मध्याकडे खाचेचा वेग कमी होतो, तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून दोन्ही सुया आतल्या गाण्यांत आधी फाटतात. सराफाच्या दहापट भिंगातून मळ दिसतो, झीज नाही. झिजेसाठी दोनशेपट तरी मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप लागतो. त्यात टोकाच्या दोन बाजूंना चकाकणारे सपाट ठिपके दिसतात. तेही सुई साफ केल्यावरच. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य ढोबळमानाने ५०० ते १००० तास धरतात. रोज एक एलपी, म्हणजे चाळीस मिनिटं वाजवली, तर वर्षाला २४० तासांच्या आसपास होतात. वर्षभरापूर्वी घातलेली हिऱ्याची पिन ‘गेली’ म्हणत असेल तर शंका घ्याच. (स्वस्त सूटकेस प्लेअरमधली सुई नीलमची असू शकते, ती फार लवकर झिजते.)

घरी साफ करायला लागतो भांडी-भिंती पुसायचा पांढरा मेलामाइन स्पंज. त्याचा एक सेंटीमीटर जाडीचा कोरडा तुकडा कापा. अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणा, तबकडी थांबवा, तुकडा सुईखाली ठेवा आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) लिव्हरने सरळ खाली सोडून सरळ वर उचला. असं चार-पाच वेळा. तुकडा आडवा ओढायचा नाही, कँटिलिव्हर (जिच्या टोकाला सुईचा हिरा असतो ती बारीक काडी) वाकतो. नंतर मऊ ब्रश फक्त मागून पुढे, म्हणजे कार्ट्रिजच्या (टोनआर्मच्या टोकाला असलेल्या, सुई बसवायच्या डबीच्या) पाठीकडून तोंडाकडे फिरवा. उलटा किंवा आडवा फिरवलात तर पिन खरोखरच जाईल. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. बोट तर लावूच नका.

दुसरा सापळा बाटलीचा. ‘स्टायलस क्लीनर’ (स्टायलस म्हणजे सुई) म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत थेंबभर द्रवात पुष्कळदा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणीच असतं. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. पैसे जातात ते एक, पण जास्त थेंब पडले तर द्रव कँटिलिव्हरवरून वर चढतो आणि हिरा धरणारा डिंक किंवा मागचं रबर खराब करू शकतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीवर ओघळला तर लाखच विरघळते. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. खेळण्यातला चिकट गोळा ‘जेल पॅड’ म्हणून खपवतात, तो टोकावर थर सोडतो.

नवी सुई घ्यायचीच असेल तर तिचा क्रमांक कार्ट्रिजशी जुळवा. शुअर कंपनीने २०१८मध्ये कार्ट्रिज आणि सुयांचं उत्पादन बंद केलं. त्यामुळे आज ‘शुअरची नवी सीलबंद ओरिजिनल’ स्वस्तात मिळत असेल तर ती बहुधा नक्कल आहे. त्यापेक्षा जपानच्या जिकोसारखी, स्वतःच्या नावाने पर्यायी सुया बनवणारी कंपनी बरी.

एका बाजूचाच आवाज गेला असेल तर दोष सहसा सुईत नसतो. कार्ट्रिजमागच्या चार बारीक तारा बघा: लाल-हिरवी उजवी, पांढरी-निळी डावी. टोकं काळवंडली असतील तर चिमट्याने हलकेच काढून पुसा आणि परत बसवा. ही दुरुस्ती फुकट होते, म्हणून दुकानात हिचं नाव निघत नाही.

पिन बदलून घेतलीत तर जुनी मागून घ्या आणि बिलावर नवीचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या. नुसतं ‘पिन – १ नग’ लिहिलेलं बिल असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करूनही नकली माल दिल्याचं दाखवणं कठीण जातं.